बॅलिटोर : एका लहान गावाची वही

आयर्लंडची राजधानी डब्लिन सोडून नैर्ऋत्येच्या वाटेने साधारण ६० किलोमीटर गेले, की किल्डेअर परगण्यात ग्रीस नावाच्या लहानशा नदीकाठी बॅलिटोर हे गाव लागते. मोठा रस्ता त्याच्या बाजूने निघून जातो; मुद्दाम वाट वाकडी केल्याखेरीज तेथे कोणी पोहोचत नाही. मधला चौक, त्याभोवती जुनी दगडी घरे, एक साधेसुधे प्रार्थनागृह आणि भिंतीआडची दफनभूमी, एवढाच काय तो पसारा. आयरिश भाषेतील गावाच्या नावात नदीचा उतार आणि कापड उन्हात शुभ्र करण्याचे कुरण, या दोन्हींचा उल्लेख आहे. राजवाडा नाही, किल्ला नाही. तरीही व्यापारउदीम करणाऱ्या आणि आपला आचार जपू पाहणाऱ्या कुटुंबांनी या गावाची कहाणी जाणून घ्यावी, असे वाटते.

सतराव्या शतकाच्या अखेरीस क्वेकर पंथाच्या काही कुटुंबांनी येथे जमीन घेतली, झाडे लावली, बागा फुलविल्या आणि वस्ती केली. हे लोक स्वतःस ‘मित्र’ म्हणवीत. त्यांच्यात पुरोहित नसे. प्रार्थनागृहात सर्वजण मौन धरून बसत आणि अंतःकरणातून प्रेरणा झाली तरच कोणी बोलावयास उठे. तो पुरुष असो वा स्त्री. शस्त्र धरावयाचे नाही, शपथ घ्यावयाची नाही, वेष साधा ठेवावयाचा, हे त्यांचे नियम. सत्य नेहमीच बोलावयाचे, मग शपथेची गरजच काय, असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

या नियमांची किंमत त्यांना मोजावी लागली. शपथ न घेणाऱ्यास सरकारी पदे बंद होती. राजमान्य चर्चचा कर ते देत नसत, म्हणून त्यांच्या घरातील माल जप्त होई. पुष्कळजण शेती, गिरण्या आणि व्यापाराकडे वळले, आणि तेथेही नियम सोबत घेऊनच गेले. घासाघीस न करता मालाचा एकच भाव सांगावयाचा, ही त्यांची रीत. ज्याने ऐपतीबाहेर उसनवारी करून दिवाळे काढले, त्यास समाजातून दूर केले जाई. कारण बुडालेले पैसे दुसऱ्याचे असतात. अशा दुकानाची पत वाढली, यात नवल नाही. आयर्लंडमधील जेकबची बिस्किटे आणि ब्यूलीचा चहा ही घरोघरी पोहोचलेली नावे याच समाजातील कुटुंबांची.

बॅलिटोरची कीर्ती मात्र झाली ती शाळेमुळे. यॉर्कशायरहून आलेल्या अब्राहम शॅकल्टन या शिक्षकाने १७२६ साली ती काढली. तिचे दार सर्व पंथांच्या मुलांना मोकळे होते. १७४१ ते १७४४ या काळात येथे शिकलेला एडमंड बर्क पुढे ब्रिटिश संसदेतील थोर वक्ता झाला. आपल्या देशाशी या गावाचा संबंध येतो तो येथे. ज्याच्या कारकिर्दीत पहिले इंग्रज-मराठा युद्ध झाले, त्या वॉरन हेस्टिंग्जवर हिंदुस्थानातील जुलमाबद्दल १७८८ साली संसदेत महाभियोग सुरू झाला, तेव्हा आरोपांची मुख्य मांडणी बर्कने केली. हेस्टिंग्ज १७९५ साली निर्दोष सुटला खरा. पण दूरदेशीच्या प्रजेवरील अन्यायाचा जाब राज्यकर्त्यास विचारता येतो, हे जगाने पाहिले. आपल्या गुरूंविषयी बर्कच्या मनात अखेरपर्यंत कृतज्ञता होती आणि गुरुपुत्र रिचर्ड शॅकल्टन त्याचा आजन्म मित्र राहिला.

या रिचर्डची कन्या मेरी, विवाहानंतरची मेरी लेडबेटर (१७५८–१८२६). गावच्या टपालाचे काम सांभाळणारी ही गृहिणी १७६६ पासूनच्या गावाच्या आठवणी नोंदवीत गेली. व्यापारी जसा रोजचा जमाखर्च मांडतो, तशी तिने गावाची वही मांडली. कोणाचे लग्न झाले, कोण आजारी पडले, कोणाचे घर पाण्यात गेले, दाराशी आलेला भिकारी काय म्हणाला, सारे तिच्या लेखी नोंदविण्याजोगे होते.

या वहीतील सर्वांत जड पाने १७९८ सालची. इंग्रज सत्तेविरुद्ध बंडाची हवा तापत असता क्वेकरांनी घरातील बंदुका मोडून टाकाव्यात, असे समाजाने ठरविले. न जाणो, त्या माणसे मारण्याच्या कामी यावयाच्या. मेरीच्या पतीने आपली शिकारीची बंदूक घरासमोर भर रस्त्यात मोडली. पाहणारे थक्क झाले. जेव्हा सारे जग शस्त्र शोधत होते, तेव्हा हे कुटुंब असलेले शस्त्र नष्ट करीत होते!

त्या मे महिन्यात गाव आधी बंडखोरांच्या ताब्यात गेले, मग सैन्याच्या. क्वेकर कोणत्याच बाजूला मिळाले नाहीत. मेरीच्या घरी बंडखोर आले तेव्हा त्यांनाही अन्न मिळाले, सैनिक आले तेव्हा त्यांनाही. तिचा भाऊ, धाकटा अब्राहम, याने मध्यस्थीचा प्रयत्न करून पाहिला. तो निष्फळ ठरला. सैन्याने घरे जाळली आणि गावचा डॉक्टर मारला गेला. त्यानंतर कित्येक दिवस आपल्याला अन्नाला रक्ताची चव असल्याचा भास होत होता, अशी नोंद मेरीने केली आहे. दोन्ही बाजूंची क्रूरता तिने लिहिली आणि दोन्ही बाजूंची माणुसकीही. हिशेब एकतर्फी ठेवला नाही.

याच अब्राहमने शाळेतही मोठे धैर्य दाखविले. युद्धाचा गौरव करणारे प्राचीन ग्रंथ आपण शिकविणार नाही, असे त्याने जाहीर केले. विद्यापीठात जाण्यास तर तेच ग्रंथ लागत. मुले घटली आणि शाळा काही काळ बंद ठेवावी लागली. पुढे ती पुन्हा उघडली व १८३६ पर्यंत चालली. तत्त्व आणि उत्पन्न यांतून एकाची निवड करावयाची वेळ आली, तेव्हा त्याने उत्पन्न सोडले.

मेरी गेल्यानंतर वीस वर्षांनी आयर्लंडवर बटाट्याच्या रोगाने भयंकर दुष्काळ ओढवला. सुमारे दहा लाख माणसे मेली. नोव्हेंबर १८४६ मध्ये डब्लिनच्या क्वेकरांनी मदत समिती स्थापून ठिकठिकाणी अन्नछत्रे उघडण्यास हात दिला. घेणाऱ्याचा धर्म त्यांनी विचारला नाही, की आपला धर्म त्याच्यावर लादला नाही. आयरिश लोकांनी ही आठवण आजही जपली आहे.

मग हा समाज बॅलिटोरमधून ओसरला कसा? त्याची संख्या मुळातच थोडी. काहीजण परदेशी गेले, काही मोठ्या शहरांत. त्यात पंथाबाहेर विवाह करणाऱ्यास समाजातून काढण्याचा नियम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कडकपणे पाळला गेला. शाळेचे दार सर्वांस उघडे ठेवणाऱ्यांनी स्वतःच्याच मुलामुलींना दार बंद केले. आचार जपावा, पण त्या आचाराचे कुंपण कोठवर घालावे, हा प्रश्न लहान समाजांपुढे नेहमीच असतो. बॅलिटोर त्याचे उत्तर देत नाही. आपला अनुभव तेवढा पुढे ठेवते.

आज गावातील ग्रंथालयाला जोडून एक लहानसे क्वेकर संग्रहालय आहे. मेरी त्याच गावच्या दफनभूमीत विसावली आहे. तिची वही तिच्या निधनानंतर ३६ वर्षांनी, १८६२ साली छापली गेली. तिने ज्यांची दुकाने, शेते आणि गिरण्या पाहिल्या, त्यांच्या नफातोट्याचे आकडे आज कोणास ठाऊक नाहीत. रस्त्यात मोडलेली एक बंदूक आणि दोन्ही बाजूंच्या भुकेल्यांस वाढलेले अन्न मात्र जमेच्या बाजूस कायम राहिले आहे.