वापशाला येणारा कपडा

भीमाशंकरच्या डोंगरावर कोसळून जो उरतो, तो पाऊस आमच्या पाबळकडे येतो. शिरूर-दौंडचा हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर, आणि तोही तुकड्यातुकड्यांनी. जून-जुलैत ढग पूर्वेकडे पळत राहतात, जाताजाता भुरभुर सांडतात. सकाळी गार वारा, दहा वाजता चटका देणारं ऊन, दुपारी एक सर, तिन्हीसांजेला पुन्हा अंगावर काटा. खरी झोड मिळते ती उत्तरा-हस्तात, परतीच्या पावसाची. कोकणातला माणूस भिजायचं ठरवूनच घराबाहेर पडतो. इथं दिवसातून तीनदा भिजायचं आणि तीनदा वाळायचं असतं, तेही अंगातल्याच कपड्यात.

म्हणून इथल्यासाठी टी-शर्ट घेताना मी आधी बघतो तो वाळेल कधी.

पाऊस उघडला म्हणून लगेच कुणी रानात औत घालत नाही. वापसा यायची वाट बघतात. मातीत ओल असावी, पण कणाकणांतून हवाही खेळती असावी. अंगावरच्या कापडालाही असाच वापसा लागतो. कापूस मुळातच पाण्याचा लोभी. साध्या हवेतूनसुद्धा तो स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओल धरून ठेवतो. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. घाम टिपायला कापसासारखं दुसरं काही नाही. पण एकदा तो चिंब झाला, की तेच पाणी छातीला धरून बसतो, आणि शिक्रापूरच्या रस्त्याला मोटारसायकलवर वारा लागला की हाडात शिरतो. जाड, भरदार टी-शर्ट हातात चांगला लागतो, दुकानदारही '२२० जीएसएम आहे' असं कौतुकानं सांगतो. पण जितकं सूत जास्त, तितकं पाणी जास्त. श्रावणात असा टी-शर्ट दोन दिवस दोरीवर लोंबतो आणि तिसऱ्या दिवशी कुबट वासासकट अंगात जातो. दीडशे-एकशेसाठचं पातळ सुती कापड एका उन्हाच्या तिरपेत वापशाला येतं.

मग सरळ पॉलिस्टरच का घेऊ नये? रांजणगावच्या कारखान्यांत जाणाऱ्या पोरांच्या अंगावर तेच दिसतं, आणि पहाटे भुरभुर झेलत निघणाऱ्याला ते सोयीचंच आहे. कामावर पोहोचेपर्यंत निम्मं वाळलेलं असतं. घामाचा वास मात्र त्यात मुरतो, धुऊनही पुरता जात नाही.

आणि पॉलिस्टर टाळायला पाबळला आणखी एक कारण आहे. इथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, ही त्यांची धारणा. तिथली मुलं एकाच अभ्यासक्रमात वेल्डिंग करतात, गोठा सांभाळतात, वाफे करतात, स्वयंपाकघरातही शिकतात. अशा दिवसाला कुठला टी-शर्ट पुरेल, याचा विचार करताना मला कापसाचं पारडं जड वाटतं. वेल्डिंगची ठिणगी सुती कापडावर पडली तर बहुधा काळ्या कडेचं भोक पडतं. पॉलिस्टर वितळतं, आणि तो तापलेला थेंब कातडीला चिकटतो. वरून चामड्याचा एप्रन असला तरी मान आणि दंड उघडेच राहतात. शिकणाऱ्या पोरांच्या बाबतीत मला ही गोष्ट वाळण्याच्या सोयीपेक्षा फार मोठी वाटते.

गवत कापायचं असेल तर मात्र टी-शर्टवर जुना सदरा चढवावाच. होजियरीच्या विणीत कुसळं अशी रुततात, की संध्याकाळभर वेचत बसावं लागतं. आमच्या आजोबांच्या पिढीची मांजरपाटाची कोपरी याबाबतीत फार शहाणी होती: घट्ट विणलेली, पुढून उघडी, सैल, हवा खालून वर जाणारी. टी-शर्टनं ती जागा घेतली, पण बेताचा सैलपणा घेतला नाही. अंगाला घट्ट बसणारं कापड ओलं झालं की त्यात आणि कातडीत हवेला जागाच उरत नाही.

गणेशोत्सवातले मंडळांचे टी-शर्ट मला प्रिय आहेत, कारण गावाची हौस त्यांवर उमटलेली असते. पण छातीभर रबरी छपाई असली की तेवढा भाग श्वास घेत नाही; पाठ वाळते, छाती ओली राहते. चित्र छोटं, खिशाच्या जागी छापावं, असं मला मंडळांना मनापासून सांगावंसं वाटतं.

बाजारात ढिगातून उचलताना कापड उजेडाकडे धरून बघावं, गळ्याची पट्टी ताणून सोडावी, काखेची शिवण उलटी करून पाहावी. ओल तिथंच सगळ्यांत उशिरा सुटते. जाड एकाच्या पैशांत पातळ दोन येत असतील तर दोन घ्यावेत. एक अंगात, एक दोरीवर. आणि हस्ताच्या दिवसांसाठी जमलं तर तिसरा, चुलीच्या वर टांगून ठेवायला.