मामांचा पेला

पेडण्याला आजोळी आईचे एक चुलतभाऊ होते, मुंबईहून आजारी होऊन परतलेले. त्यांचा पेला पडवीत वेगळा असायचा. "त्याला हात लावू नकोस हं," आजी म्हणायची. मी तेव्हा सात वर्षांचा.

भीती एकट्या आजीची नव्हती. १९८९ मध्ये म्हापशात डॉमनिक डिसोझा यांना एचआयव्ही आहे म्हणून सरकारने ६४ दिवस कोंडले होते.

परवा ऑफिसात रक्तदानाचा फॉर्म भरताना तो पेला आठवला. घरी येऊन वाचत बसलो, आणि डॉ. सुनीती सोलोमन भेटल्या. चेन्नईच्या मराठी घरातल्या, माहेरच्या गायतोंडे. आडनाव आपल्याकडचेच की! १९८६ साली त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातले पहिले एचआयव्हीबाधित शोधले. पुढे त्यांनी काढलेली संस्था एका मोठ्या अभ्यासात होती, पुण्याची 'नारी'सुद्धा. नऊ देश, १,७६३ जोडपी. २०११ मध्ये निष्कर्ष आला: औषधे लवकर सुरू केली तर जोडीदाराला लागण होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटते. पेल्यातून तर हा विषाणू कधीच पसरत नव्हता.

मामा त्याआधीच गेले होते.

आजीला फोनवर हे सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माळ्यावर असेल रे तो पेला अजून."