सरनोबत : पाळीचा धनी

गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर मोजक्या स्वारांनिशी विजापूरच्या बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले. ते स्वराज्याचे सरनोबत होते. या शब्दाचा अर्थ आपण ‘सरसेनापती’ एवढाच करतो. माझ्या मते त्यात शब्दाचा गाभा हरवतो आणि नेसरीही अर्धीच कळते. ‘सर’ म्हणजे प्रमुख; ‘नौबत’ मूळ अरबी, अर्थ पाळी. बहमनी दरबारात सुलतानाचे अंगरक्षक चार नौबतींत विभागलेले असत. त्या आळीपाळीने पहारा देत आणि त्यांचा प्रमुख तो सरनौबत. शिवकाळातही हा हुद्दा एकट्या सर्वोच्च सेनानीचा नव्हता. घोडदळाला सरनोबत होता, पायदळाला येसाजी कंक होते, आणि बखरकार सभासद तर गडोगडी हवालदार, सबनीस व सरनोबत एकाच दर्जाचे सांगतो. म्हणजे शब्दाच्या मुळाशी रणांगण नाही, पहारा आहे.

कोणी म्हणेल, नौबत म्हणजे तर नगारा. नगाऱ्याचा मान मिळालेला तो सरनोबत. पण नगारखान्यातली नौबतही ठरल्या प्रहरी झडते, म्हणून तिला ते नाव. आपली बोली हे विसरलेली नाही. ‘उपाशी राहायची नौबत आली’ आणि ‘उपाशी राहायची पाळी आली’ ही वाक्ये आपण सहज अदलाबदलीने वापरतो.

यावर खरा आक्षेप असा, की हौतात्म्याला शब्दकोश कशाला लावायचा? उमराणीला कोंडीत सापडलेल्या खानाला सोडल्याचा शिवाजी महाराजांनी ठेवलेला ठपका प्रतापरावांच्या जिव्हारी लागला होता; त्या झेपेतल्या निष्ठेपुढे माथा टेकावाच. मात्र पहाऱ्याचा धनी पडला तरी पहारा मोडला नाही, हेही तितक्याच अभिमानाने सांगायला हवे. फौजेतल्या आनंदरावांनी ती सावरून मोहीम पुढे नेली, मग सरनोबत म्हणून हंबीरराव मोहिते आले. त्याच वर्षी ६ जूनला राज्याभिषेक झाला आणि अष्टप्रधानांत हे पद ‘सेनापती’ म्हणून नोंदले गेले. जुना शब्द कोल्हापूरजवळच्या सरनोबतवाडीत आणि सरनोबत या आडनावात टिकला. नव्या शब्दाला भारदस्तपणा आहे, पण त्यात पुढच्या माणसाची सोय नाही. सेनापती एकटा उभा दिसतो. सरनोबताच्या मागे पुढची पाळी घेणारा गृहीतच असतो. स्वराज्य टिकले ते अशा पाळ्या न चुकवणाऱ्यांमुळे. म्हणून नेसरीला वंदन करताना आनंदराव आणि हंबीररावही त्या वंदनात असले पाहिजेत.