गल्लीतला गुलमोहर

चैत्र सरता सरता शहरी वस्तीतली झाडे एकामागून एक फुलू लागतात. पळस, पांगारा तोवर आटोपलेले असतात. बहावा पिवळी झुंबरे सोडतो, महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेला तामण जांभळा होतो. तरीही जुन्या कॉलनीतला मे महिना ओळखायचा तो गुलमोहरावरून. झाड मूळचे मादागास्करचे, 19व्या शतकात भारतात आलेले. पण उन्हाळी सुट्टीशी आणि आंब्यांच्या पेट्यांशी त्याची अशी सोयरीक जुळली, की परकेपणा उरलाच नाही. साताऱ्यात तर 1 मे रोजी गुलमोहर दिवस साजरा होतो.

या झाडाची पहिली ओळख जमिनीवर होते. मुलांचे हात फांदीला पोहोचत नाहीत. त्यांच्या वाट्याला सकाळचा सडा येतो. फुलाला पाकळ्या पाच. चार तांबड्या-केशरी, पाचवी किंचित मोठी, पांढरट-पिवळी आणि लाल ठिपक्यांची. तोंडात जाते ती बहुधा हीच, आंबटसर लागते. कळीची जाड हिरवी निदले सोलून थुंकीने बोटांवर चिकटवली, की राक्षसाची नखे तयार. पुंकेसर दहा, म्हणजे दहा लढाया. दोघांनी एकेक केसर धरायचा, टोके एकमेकांत अडकवायची आणि ओढायचे. ज्याचे डोके तुटेल तो हरला. झाडावर महिनोन्महिने लोंबणाऱ्या दीड-दोन फुटी शेंगा वाळल्या, की त्यांच्या तलवारी होतात आणि हलवल्यावर खुळखुळेही.

पुढे शाळा सुटते, बिऱ्हाड वरच्या मजल्यावर जाते आणि तोच गुलमोहर गॅलरीतून दिसू लागतो. त्याचा विस्तार छत्रीसारखा आडवा, आणि बहर त्या छत्रीच्या माथ्यावर. खालून जाणाऱ्याला सावलीच जास्त मिळते. खरा गुलमोहर पाहावा तो दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून, उन्हे कलल्यावर.

मधल्या वर्षांत मात्र तो तक्रारींतच भेटतो: मुळांनी उचललेल्या फरश्या, पाकळ्यांनी माखलेल्या गाड्या. त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ, त्यामुळे वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात, कधी अख्खे झाड आडवे होते. शहरातले झाड तोडायला 1975 च्या कायद्याने परवानगी लागते, आणि 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. गुलमोहर वडा-पिंपळासारखा दीर्घायुषी नाही. ज्यांच्या लहानपणी तो लावला गेला, त्यांच्याच म्हातारपणी तो पडलेला पाहावा लागतो. शेजारचे माणूस गेल्यासारखेच ते असते. आठवडाभर सकाळी गॅलरीत गेले, की डोळे आधी तिकडेच वळतात.

रिकाम्या आळ्यात आता बहुधा बहावा किंवा तामण लावतात. देशी झाडांवर इथले किडे-पाखरे पोसतात, म्हणून ही निवड योग्यच आहे. पण रोप फुलायला काही वर्षे जातात. तोवर त्या जागी दुपारचे ऊन थेट तळमजल्याच्या खिडकीपर्यंत येते.