काटा काय सांगतो?

डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितल्यापासून आमची आपा फजरच्या नमाजनंतर चालायला जाते. घरी उठाबशाही काढते. तिसऱ्या आठवड्यात वजन केलं, तर दीड किलो जास्त! लगेच घरात सुरू झालं, "कशाला पाय झिजवतेस?" पन्नाशीच्या बाईनं स्वतःसाठी काढलेला एक तास बंद पाडायला एवढं कारण पुरतं.

पण काटा नुसती चरबी मोजत नाही. हाडं, रक्त, पाणी, पोटातलं अन्न, सगळं एकत्र तोलतो. सवय नसलेल्या श्रमानं स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते. त्या भरून येईपर्यंत तिथं पाणी धरलं जातं. स्नायू ग्लायकोजेन नावाचं इंधनही जास्त साठवू लागतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी राहतं. उलट एक किलो चरबी चढायला अंदाजे ७,७०० कॅलरी जादा पोटात जाव्या लागतात. आपाचं ताट तर होतं तेवढंच आहे.

मुख्य म्हणजे तिचं दुखणं साखरेचं आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. वजन तसूभर न हलताही हा फायदा मिळतो.

पाय सुजले, दम लागला, तर मात्र डॉक्टरांकडे जायलाच हवं. एरवी महिन्यातून एकदा कमरेला टेप लावावा, साखर तपासावी. घरातल्यांनी बोलण्याऐवजी सकाळचा चहा तेवढा करून ठेवावा.