पाणी की पानी?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी कुठे गायब झालात, असं दोघातिघांनी फोन करून विचारलं, म्हणून आधी तेच सांगते. पंचाहत्तरीत मला एक पद मिळालं आहे. तज्ज्ञ सल्लागार! पगार शून्य रुपये. नातवाने ऐकलं आणि म्हणाला, "आजी, तू एक्स्पर्ट? कशातली?" प्रश्न चोख होता. उत्तर द्यायला मला सहा महिने लागले.

तर झालं असं. माझ्या धाकट्या बहिणीची सून परदेशात असते. तिथली एक धर्मादाय संस्था निरनिराळ्या देशांतल्या लोककला आणि लोकगीतं जतन करण्याचं काम करते. त्यांच्याकडे आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांच्या काही जुन्या कॅसेट्स आल्या होत्या. स्वयंसेवक ओव्या ऐकून लिहून काढत होते, आणि ते लिखाण तपासायला मराठी जाणणारं कुणीतरी हवं होतं. सूनबाईंनी माझं नाव सुचवलं. "मावशी, तुम्ही पस्तीस वर्षं मराठी शिकवलंत, तुमच्याइतकं कोण योग्य?" अशी स्तुती केल्यावर माणूस नाही कसं म्हणणार?

नातवाने कानाला हेडफोन लावून दिला, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून दिला आणि मी कामाला लागले. पहिला हप्ता ८४ ओव्यांचा. आधी जात्याची घरघर, मग बांगड्या, मग एक आवाज. एक बाई ओळ उचलते, दुसरी तिच्यामागून म्हणते. माझी आई पहाटे दळायची ते आठवून पहिल्या दिवशी काम काही झालं नाही, नुसतीच ऐकत बसले.

दुसऱ्या दिवसापासून मात्र माझ्यातल्या बाई जाग्या झाल्या. लिहून काढणाऱ्या पोरांनी ऐकलं तसं लिहिलं होतं. पानी, लोनी, कोन, लिवते. मी सगळं शुद्ध केलं. सवयच ती! १९६२ चे लेखनविषयक नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली भर मला अजून तोंडपाठ आहे. चार दिवसांत ८४ ओव्या स्वच्छ करून पाठवल्या आणि स्वतःवर खूश होऊन चहा घेतला.

आठवड्याने तिकडून प्रश्न आला. इंग्रजी भाषांतर करणाऱ्या मुलीने विचारलं होतं, "या ओवीत कोणत्या राणीचा उल्लेख आहे?"

राणी? माझ्या आठवणीत तर कुठलीच राणी नव्हती. पुन्हा ऐकलं. ओवीच्या पहिल्या ओळीच्या शेवटी होतं 'पानी' आणि दुसरीच्या शेवटी 'रानी'. रानी म्हणजे रानात. मी 'पानी'चं 'पाणी' केलं आणि यमक मोडलं. त्या मुलीला वाटलं, खालच्या ओळीतही 'ण'च असणार, 'न' चुकून पडला असेल. झालं! भर उन्हात रानात राबणाऱ्या बाईला आम्ही दोघींनी मिळून राणी करून टाकलं.

मी आधी हसले. मग हसू थांबलं, कारण मला पाचवीतली एक मुलगी आठवली.

नोकरी लागून दोन-तीनच वर्षं झाली असतील. मुलगी वस्तीवरून चालत यायची. "आमची विहीर" असा निबंध मी वर्गात वाचायला सांगितला होता. तिने 'पानी' म्हटलं. मी तिथेच थांबवलं. "पानी नाही, पाणी. म्हण." तिला 'ण' काही जमेना, वर्ग हसला. मी तिला 'पाणी' हा शब्द पन्नास वेळा लिहून आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी तिने आणला, अगदी सुबक अक्षरात. त्यानंतर तिने वर्गात कधी हात वर केला नाही. सातवीनंतर शाळा सुटली. ती माझ्यामुळे सुटली असं मी म्हणणार नाही, घरची कारणं पुष्कळ होती. पण तिचा हात खाली गेला तो माझ्यामुळे. विहिरीवर तिची आई काय करायची, मोट कशी चालायची, हे तिला सांगायचं होतं. ते राहिलंच. निबंध पुरा झाला नाही.

आपल्या नियमांतच एक नियम आहे. केशवसुतांच्या आधीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य छापताना ते मुळाप्रमाणे छापावं. म्हणजे जुन्या कवीच्या ओळीला हात लावायचा नाही. हा नियम मी कितीतरी वेळा फळ्यावर लिहिला आहे. पण जात्यावरची बाईसुद्धा कवीच आहे, आणि तिची ओवी कदाचित आठ पिढ्या जुनी असेल, हे मनात आलं नव्हतं. सानेगुरुजींचं 'स्त्रीजीवन' माझ्या कपाटात कायम असूनही नाही आलं!

मी संस्थेला सरळ पत्र लिहिलं, की माझ्या दुरुस्त्या रद्द करा, मी पुन्हा पहिल्यापासून करते. तिथली समन्वयक मुलगी समजूतदार आहे, पण तिचीही अडचण खरी होती. एकच शब्द चार प्रकारे लिहिला तर शोधणाऱ्याला सापडणार कसा? दोन बैठका झाल्या, संगणकावरच. शेवटी ठरलं की दोन रकाने करायचे. पहिल्यात बाईने म्हटलं तसं, दुसऱ्यात शोधण्यापुरतं प्रमाण रूप. भाषांतर पहिल्यावरूनच करायचं.

दुसरा वाद नावांचा. ८४ पैकी ३१ ओव्यांपुढे गाणारीच्या नावाच्या जागी 'अज्ञात' लिहिलं होतं. मी म्हटलं, ती अज्ञात नव्हती. तिला नाव होतं, गाव होतं, समोर बसून ती गात होती. आपण विचारलं नाही. म्हणून 'नाव नोंदवलेलं नाही' असं लिहा, म्हणजे चूक कुणाची ते कळेल. पुण्याचं उदाहरणही दिलं. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या 'पारी'वर येऊ लागल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट. हे आपल्याकडे झालेलं काम आहे, मग तुमच्याकडे का नको? मान्य झालं.

आता तज्ज्ञपणाचा शेवटचा किस्सा. एका ओवीत 'थारोळं' शब्द आला. मला वर्तमानपत्रातलं 'रक्ताच्या थारोळ्यात' तेवढं ठाऊक. आधीच्या स्वयंसेवकानेही अर्थापुढे तेच लिहून ठेवलेलं. पण ओवी भावाच्या मळ्याची, आनंदाची. रक्त कुठून येणार? शब्दकोश उघडणार तोच दारात भाजीवाल्या आक्का आल्या. सहज विचारलं, "आक्का, थारोळं म्हणजे काय हो?"

"आवं बाई, मोट वर आली की पानी कुटं पडतं? थारोळ्यात. तितनं मग पाटात. माझा बा मोट हाकायचा की!"

मेथीची जुडी हातात धरून त्यांनी उंबऱ्यावर बसून मला धाव, सोंदूर, नाडा, थारोळं सगळं हाताने दाखवलं. दहा मिनिटांत. नंतर कोशात पाहिलं, तिथे तेच होतं. पस्तीस वर्षं मी व्याकरण शिकवलं, पण थारोळं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या नोंदीखाली 'अर्थ सांगणारी व्यक्ती' असा रकाना आहे. मी आक्कांना म्हटलं, तुमचं नाव लिहिते. त्या लाजल्या. "माझं कशाला, बाई? लिवायचंच तर आईचं लिवा. समदं तिच्याकडनंच ऐकल्यालं." मग मी दोघींची नावं घातली. इथे देत नाही, कारण त्यांनी परवानगी त्या नोंदीपुरती दिली आहे.

कुणी म्हणेल, बाई, मग शुद्धलेखन शिकवायचंच नाही का? शिकवायचं. अर्जाला, परीक्षेला, नोकरीला ते लागतं, आणि खेड्यातल्या मुलीला तर ते जास्तच लागतं. नातवाच्या वहीतली चूक मी अजूनही लाल पेनाने सुधारते. फक्त आता वाटतं, दोन रकाने वर्गातही करता आले असते. तुझ्या घरी म्हणतात ते हे, पेपरात लिहायचं ते हे, आणि दोन्ही तुझंच. एवढं म्हणायला मला कोणत्या नियमाने अडवलं होतं?

असो. पुढचा हप्ता आला आहे, ११० ओव्यांचा. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजी, पणजी, आत्या ओव्या म्हणत असतील तर आजच ऐकून घ्या, आणि म्हणतील तशाच लिहा. नाव आणि गाव लिहायला विसरू नका.

आणि ती पाचवीतली मुलगी आता साठीच्या पुढे असेल. कुठे भेटली, तर त्या विहिरीचं पुढे काय झालं, ते मला तिच्याकडून ऐकायचं आहे. मध्ये थांबवणार नाही.