दोन्हीकडचे परके
शिल्पकार इसामू नोगुची (१९०४–१९८८) हे जपानी कवी योने नोगुची आणि अमेरिकन लेखिका लिओनी गिल्मोर यांचे पुत्र. जन्म लॉस एंजेलिसचा, परंतु बालपण जपानमध्ये गेले आणि वडिलांचा सहवास नावापुरताच लाभला. चिगासाकी येथे आईने घर बांधायला काढले, तेव्हा हा मुलगा एका सुताराच्या हाताखाली जपानी पद्धतीने करवत स्वतःकडे ओढून चालवायला आणि लाकडाचे सांधे जुळवायला शिकला. त्यांच्या शिल्पकलेचा पाया, पुढच्या नामवंत कार्यशाळांपेक्षाही, येथेच घातला गेला असे म्हणावे लागते. १९१८ मध्ये त्यांना एकट्यालाच अमेरिकेला धाडण्यात आले. १९४२ मध्ये ते ॲरिझोनातील पोस्टन छावणीत, म्हणजे युद्धकाळात जपानी वंशाच्या लोकांना डांबून ठेवलेल्या वसाहतीत, स्वेच्छेने गेले. बाहेर पडण्याची परवानगी मिळायला मात्र कित्येक महिने लागले. इकडे जपानमध्ये, हिरोशिमाच्या स्मृतिस्तंभासाठी त्यांनी केलेला आराखडा १९५२ मध्ये फेटाळला गेला आणि त्यामागे त्यांचे अमेरिकन असणे हे एक प्रमुख कारण मानले जाते. दोन्ही देशांनी असे परके ठरवले, तरी १९५१ पासून त्यांनी गिफूच्या कारागिरांकडून घडवून घेतलेले ‘अकारी’, म्हणजे बांबूच्या कामट्यांवर हातकागद चढवून केलेले दिवे, आजही तेथे हातानेच तयार होतात.